तीन खाचा

अकोला,
श्रावण शुद्ध दशमी, शके १७८५

तीर्थरूप बाबा, तुमच्या मैनेचा दंडवत.

हे पत्र आणणारा गाडीवान उत्तमराव भला माणूस आहे. त्याला ताक पाजल्याशिवाय सोडू नका. त्याच्याजवळ फडक्यात बांधलेली पुरचुंडी आहे, तीत आमच्या खरादावर कातताना बिघडलेले टाक आहेत. उघडाल तेव्हा हसू नका, आणि हसलात तर तानुआत्यापुढंच हसा.

इकडं कापसानं माणसं वेडी केली आहेत. अमेरिकेत कुठं लढाई जुंपली, इथं कापसाचे भाव चढले आणि बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. जो तो कापूस तोलतो आणि तोललेलं लिहायला टाक मागतो. बोरू आता कुणालाच नको. विलायती निब बसेल अशी दांडी हवी, तीही लाखेच्या रंगाची. कापसाच्या पेढीवरचे मुनीम ओमप्रकाश म्हणतात, माल मनासारखा असला तर साऱ्या पेढीचे टाक आमच्याकडूनच घेतील. तेवढं झालं तर आमचं घर उभं राहील.

पण यांच्या हातून चुका होतात. आजवर सरकी काढायच्या रेच्याच्या जाडजूड लाटा कातल्या, बारीक काम हाताला बसत नाही. त्यात उजव्या हाताला जरा लागलं आहे. काळजीचं काही नाही. एका दांडीचा मानेपाशी टवका उडाला, एकीचं तोंड चिरलं, एकीचं भोक तिरपं गेलं. यांवर इलाज काय ते लिहा. मी वाचून दाखवीन. टाक लिहून तपासायला कुणीतरी हवं म्हणून तुम्ही मला अक्षर शिकवलंत, तेव्हा अख्खी आळी तुम्हाला हसली होती. बघा, कामाला आलं.

आणखी एक. आमच्या गल्लीच्या टोकाला लोहार राहतो. तो आजारी पडला तर त्याच्या बायकोनं भाता सोडून हातोडा धरला. लोक नावं ठेवतात. तुम्हाला काय वाटतं?

तुमची,
मैना


अमरावती,
भाद्रपद शुद्ध त्रयोदशी

चि. मैना, तुला आणि जावईबापूंना आशीर्वाद.

हसलो नाही. आत्या हसली.

टवका उडाला तर तो भरत बसू नये. भरलेली जागा महिन्याभरात चुगली करते. जिथं टवका उडाला तिथं पुरत्या वेढ्याची खाच पाडावी. मग तिच्या वर एक आणि खाली एक. एक खाच दिसली की गिऱ्हाईक म्हणतं, बिघडलं. तीन दिसल्या की तेच गिऱ्हाईक म्हणतं, वा, काय नक्षी आहे! तिन्हीत तांबडी लाख भरावी आणि गप्प बसावं.

तोंड चिरलं ते लाकूड ओलं होतं म्हणून. चिरेत सरस भरून सुतानं करकचून बांधावं, वाळलं की बाहेरून पितळी कडी चढवावी. आणि पुढच्या वेळी आधी गिरमिटानं भोक पाडावं, दांडी बारीक करणं नंतर. भोक तिरपं गेलं असेल तर त्याच्याशी भांडू नये. त्यालाच मध्य मानावं, त्यात खुंटी बसवून दांडी पुन्हा खरादावर चढवावी आणि उरलेलं लाकूड त्या भोकाभोवती कातावं. दांडी बारीक होईल पण सरळ होईल. तुझे तिन्ही टाक नीट करून परत पाठवतो आहे, ते समोर ठेवून काम करा.

लोहारणीचं मला काय विचारतेस? लोहारांचं लोहार बघतील. आपल्यात बाई खराद फिरवायची दोरी ओढते, पटाशी धरत नाही. ज्या घरात बाईनं पटाशी धरली त्या घरचं पाणी आपले पंच घेत नाहीत, आणि त्या पंचांत मीही बसतो. असले विषय पत्रात नकोत.

दिवाळीला ये. दरवर्षी म्हणतो तसं म्हणत नाही, या दिवाळीला येच. तुझं तोंड नीट पाहायचं आहे.

आवजी कातारी


अकोला,
आश्विन शुद्ध एकादशी

तीर्थरूप बाबांना दंडवत.

तीन खाचांचा टाक मुनीमजींनी उचलला आणि म्हणाले, "ये नक्षी तो बढिया है." मी पदर तोंडावर धरला. तुमचा इलाज बाजारात चालला.

पण बाबा, एक मजा सांगते, रागावू नका. तुम्ही बसवलेली कडी तिरपी बसली आहे, आणि तीन खाचांतलं अंतरही सारखं नाही. आमची थट्टा करता करता तुम्हीच म्हातारे झालात की काय? लहानपणी माझी दोरी एवढीशी डगमगली तर तुम्ही दांडी चुलीत टाकायचात. आता तुमची दांडी कुणी चुलीत टाकायची?

दिवाळीला येणं जमणार नाही. पेढीचं काम मिळालं आहे, पहिली खेप दिवाळीनंतर लगेच द्यायची. यांचा उजवा हात अजून बांधलेलाच आहे. कापसाचा गठ्ठा गाडीवरून घसरला तो हातावर आला होता, हे तुम्हाला लिहिलं नव्हतं. तरी काम थांबलेलं नाही. कसं, ते विचारू नका. यांना आता टाकून मी पणत्या लावायला येऊ का, तुम्हीच सांगा.

तोंड काय, पुढच्या दिवाळीलाही तेच राहणार आहे. फार तर एखादा दात कमी.

नवे टाक उत्तमरावांबरोबर पाठवते. यांत चूक कुठं आहे ते मला कळत नाही, पण हातात धरले की बरे वाटत नाहीत.

मैना


अमरावती,
कार्तिक वद्य चतुर्थी

चि. मैना हिला आशीर्वाद.

टाक पोचले. जावईबापूंच्या हाताचं कळलं. वाईट झालं. हळद आणि एरंडाचं तेल लावत राहावं.

टाकांविषयी. जावईबापूंना सांगावं की दांडीवर बारीक पायऱ्या येत आहेत. डोळ्यांना दिसत नाहीत, बोटाला लागतात. दोरी परतायच्या आधीच पटाशी उचलली जाते, म्हणून हे होतं. दोरी ओढून वाढलेल्या माणसाच्या हाताला ही खोड असते. दोरी कुठं संपणार ते त्याच्या अंगाला आधीच कळतं. यावर इलाज एकच आहे. दोरी आपली नाही असं समजावं. ओढणारा ओढतो आहे, त्याच्यावर सोडावी. पायऱ्या आल्याच तर लाखेआधी शिंदीचं पान जोर देऊन फिरवावं, निघून जातात.

दिवाळी झाली.

आवजी कातारी


अकोला,
मार्गशीर्ष शुद्ध पौर्णिमा

तीर्थरूप बाबांना दंडवत.

हे अक्षर कुणाचं? तुमचा 'म' मी झोपेतही ओळखीन. हा कुणा शिकलेल्या माणसाचा आहे, गोल गोल. तुम्ही दुसऱ्याकडून पत्र का लिहवून घेतलंत? माझ्या नावानं टाक हातात धरवत नाही असं काही झालं आहे का?

निरोप यांना सांगितला. हे माझ्याकडंच बघायला लागले. पायऱ्या आता कमी आहेत.

मी थट्टेत कडीबद्दल लिहिलं ते मनाला लागलं असेल तर माफ करा. आणि लागलं नसेल, दुसरंच काही असेल, तर तेही स्वतःच्या हातानं लिहा. शिव्या द्या हवं तर. तुमच्या अक्षरातल्या शिव्या मला चालतील.

मैना


अमरावती,
पौष शुद्ध द्वितीया

चि. मैना हिला आशीर्वाद.

लाख तापवताना बोट भाजलं आहे, म्हणून शेजारचे पंतोजी लिहितात. त्यात विशेष काही नाही. पत्रात फार विचारू नये.

आलेले टाक चांगले आहेत. पायऱ्या गेल्या. लाखेला मात्र फोड आले आहेत, ती दाबून लावली जाते. लाकडाला लाख नुसती टेकवावी, फिरण्याच्या उष्णतेनं ती आपसूक उतरते. फोड आले तर सगळी खरवडून पुन्हा लावावी, वरून लेप देऊ नये.

संक्रांतीला ये. जरूर ये. एकटी आलीस तरी चालेल. समोरासमोर बोलायचं आहे, ते पत्रात सांगता येत नाही.

आवजी कातारी


अकोला,
माघ शुद्ध सप्तमी

बाबा,

संक्रांत गेली. मी आले नाही, आणि का आले नाही ते तुम्हाला ठाऊक आहे, तसंच तुम्ही का बोलावलंत ते मलाही ठाऊक आहे.

यांनी जन्मात कधी दोरी ओढली नाही. यांच्या मामांनी हे मोठे झाल्यावर थेट पटाशीच हातात दिली, हे लग्न ठरवताना तुम्हीच नाक मुरडून म्हणाला होतात. मग दोरी ओढून वाढलेल्या माणसाची खोड कुणाची, ते सांगायला पंतोजी कशाला हवेत? तुम्ही आश्विनातल्या टाकांवरून ओळखलंत. तेव्हापासून तुम्ही मला स्वतःच्या अक्षरात चार ओळीही लिहिल्या नाहीत. आणि एकटी ये, समोरासमोर बोलायचं आहे, म्हणजे मला पंचांपुढं उभी करायची, एवढं कळण्याइतकी मी मोठी झाले आहे.

तर मग ऐका. हो, मी पटाशी धरली. यांची दोन बोटं गेली आहेत, उरलेली मिटत नाहीत. दार लावून मी कातते आणि हे डाव्या हातानं दोरी ओढतात. पहिल्या दिवशी ओढताना रडले. गड्यानं बायकोची दोरी ओढायची, अशी वेळ आली म्हणून. मी म्हटलं, "रडा, पण दोरी सारकी ओढा, नाही त पायऱ्या येतीन." मग हसले. त्यानंतर आम्ही दोघं रोज बसतो. मुनीमजींना वाटतं, हात बरा झाला.

बाबा, मला या कामाची लाज वाटत नाही. तुमची भीती वाटते, एवढंच. तुम्ही खाच दुरुस्त करायला शिकवलंत, तोंड चिरलं तर बांधायला शिकवलंत. मीच चुकले असेन तर माझ्यावर काही इलाज नाही का? का मलाच चुलीत टाकणार?

घरात घेणार असाल तर एक ओळ स्वतःच्या हातानं लिहा. वाकडी चालेल. मी त्याच दिवशी निघेन.

मैना


अमरावती,
फाल्गुन वद्य षष्ठी

सौभाग्यवती मैनाबाई यांना कमलाकांत जोशी याचा नमस्कार.

मी तुमच्या वडिलांच्या शेजारचा पंतोजी. तुम्हाला आलेली ती गोल अक्षरं माझी. हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. गोड करून सांगता येत नाही, म्हणून सरळ सांगतो. आवजीबुवा होळीच्या आदल्या दिवशी सकाळी गेले. ताप होता. तुम्हाला आणायला गाडी पाठवायची म्हणून मी बडनेऱ्यापर्यंत हिंडलो. साऱ्या गाड्यांवर कापूस. माणसासाठी बैल सोडायला कुणी तयार होईना. मला या कापसाची आता किळस आली आहे.

त्यांचं बोट भाजलं नव्हतं. त्यांना दिसत नव्हतं. भाद्रपदात अक्षरं पुसट झाली, तरी ते पत्र त्यांनी स्वतः लिहिलं, उन्हात बसून. दिवाळीपर्यंत थोडा उजेड उरला होता. तुम्ही याल म्हणून त्यांनी अंगणात दोन घरांच्या, त्यांच्या नि तुमच्या, पणत्या लावायला लावल्या होत्या. पौषात उजेडही गेला. मी म्हटलं, मुलीला कळवू या. ते म्हणाले, "तिले कळलं त ती सारं टाकून येईन. जावयाचा हात तसा, पेढीचं काम नवं. तिनं आपल्या मनानं याले पाह्यजे."

तुमचे टाक ते बोटांनी वाचत. कार्तिकात त्या पायऱ्यांवरून अंगठा फिरवला आणि कितीतरी वेळ हसत होते. कशाला हसता विचारलं तर सांगेनात. माझ्यासमोर सांगणार तरी कसे? मी परका, माझ्या तोंडून गोष्ट पंचांकडे गेली तर तुमच्यावर बालंट येईल, ही त्यांना धास्ती. म्हणून पत्रं इतकी कोरडी सांगत. मला वाटे, म्हातारा कठोर आहे. बाई, तुम्हीही तेच समजलात.

तुमचं माघातलं पत्र कापसाच्या गाड्यांमागं रखडत आलं. मी वाचून दाखवलं. पुरं झाल्यावर ते म्हणाले, "पंत, हे तुमी वाचलं नाही, अन् म्या आयकलं नाही." मग उठून भिंत चाचपत खरादापाशी गेले. "पोरीले वाटते मी रागावलो. काहून रागावीन? तिची दांडी माह्या दांडीपेक्षा बरी हाये. लिहा तिले, ये म्हणा. नाही, थांबा. वाकडी ओळ मागते ना ती? आधी हे करू."

त्यांची जुनी पटाशी काढली. म्हणाले, "हिची मूठ माह्या पंज्याची हाये. तिच्या हातात कशी मावन?" नव्या मुठीसाठी शिसवीचा तुकडा चढवला. तानुआत्यांच्या हातात जोर उरलेला नाही, तेव्हा दोरी मी ओढली. मी, ज्यानं आजवर खडूपेक्षा जड काही उचललं नाही. ते "हं" म्हणत, मी ओढत असे. पाहणाऱ्यांनी काय म्हटलं असेल ते असो. शेवटच्या हाताला माझ्या घामेजल्या मुठीतून दोरी निसटली आणि पटाशी लाकडात रुतली. एक खाच पडली, खोल. मी शरमलो. म्हटलं, बुवा, वर एक नि खाली एक पाडून घ्या, तुमच्यापाशी बसून मीही शिकलो आहे. त्यांनी अंगठ्यानं खाच चाचपली. "राहू द्या," म्हणाले, "तिले येते हे दुरुस्त कराले."

त्याच संध्याकाळी ताप चढला. ओळ लिहायची राहिली.

पटाशी उत्तमरावांबरोबर पाठवतो आहे. आत्यांचा निरोप आहे, घर तुमचं आहे, केव्हाही या. पंचांविषयी विचाराल तर मी त्यांतला नाही. पण शेवटच्या दिवशी दोन पंच भेटायला आले होते, त्यांच्या हातात बुवांनी तुमचा टाक दिला आणि विचारलं, "सांगा, कोनाचा हात?" ते म्हणाले, तुमचाच. बुवा म्हणाले, "हो. माहाच."

कमलाकांत


अकोला,
चैत्र शुद्ध नवमी, शके १७८६

पंतोजींना मैनेचा दंडवत.

पटाशी पोचली. पत्र मला पुरं वाचवलं नाही, यांनी मी शिकवलेलं एकेक अक्षर लावत वाचलं. मध्ये दोनदा थांबले.

मी बाबांना म्हातारे झालात म्हणून चिडवलं होतं. तोंड पुढच्या दिवाळीलाही तेच राहील असं लिहिलं होतं. ही वाक्यं तुम्ही त्यांना वाचून दाखवली नसतील, तेव्हा ते स्वतः वाचत होते. कशी वाचली असतील? उन्हात बसूनच ना? एवढंच मला पुढं जन्मभर पुरणार आहे.

तुम्ही दोरी निसटल्याची शरम वाटून घेऊ नका. तुमच्यासाठी एक टाक केला आहे, या पत्राबरोबर आहे. बोटानं बघा, पायऱ्या नाहीत. पुढच्या पंधरवड्यात आम्ही दोघं येतो आहोत. आत्याला सांगा, खराद कुणाला देऊ नको.

आता मी दार उघडं ठेवून बसते. कालपर्यंत दोन बाया बघून गेल्या, एक तोंड वेंगाडून, एक नुसतीच. हे दोरी ओढत राहिले.

मूठ माझ्या हातात बरोबर मावते. ती खाच आहे तिथं अंगठा आपोआप जाऊन बसतो. वर एक आणि खाली एक पाडायला मला वेळ लागणार नाही, तांबडी लाखही कढत आहे. बघणारा म्हणेल, वा, काय नक्षी आहे. पण त्या दोन खाचा मी पाडणार नाही.

मैना